तू उठला नाहीस, ईराण्णा

ईराण्णा, तू मला फसवलंस. वखारीच्या शेटनं शेतकऱ्याला फसवलं, आपण चाळीस दलालांनी ते डोळ्यांनी बघून शेटला साथ दिली, आणि भर बाजारात तू मला फसवलंस. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तू गेलास म्हणून त्यातली एकही खोटी होत नाही. तुझ्यावर चार गोड शब्द लिहून द्या, असं इथल्या साप्ताहिकाच्या संपादकांनी मला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, गोड शब्द निपाणीहून मागवा, तिथं सध्या ढिगानं मिळतील. माझ्याकडं आहे ते मी लिहितो. चालेल म्हणाले. म्हणून लिहायला बसलोय.

तू गेल्याचं मला मोटारीच्या क्लीनरनं सांगितलं. बेळगावात माझ्या दुकानासमोर मोटार थांबली, त्यानं दारातूनच हाक मारली, "मालक, निपाणीचा ईराण्णा दलाल गेला. दुपारनं माती हाय." मी त्याच्यावर खेकसलो, "मला कशाला सांगतोस?" आणि त्याच मोटारीनं निघालो. अकरा वर्षांत मी निपाणीला पाय ठेवला नव्हता. माल आणायचा झाला तर माणूस पाठवायचो. कोल्हापूरला जाताना मोटार निपाणीत थांबायची, पण मी खाली उतरायचो नाही. तुझ्यामुळं.

तुम्हा लिंगायतांत माणसाला बसवून नेतात. तुला बसवलं होतं, झेंडूच्या माळा घातल्या होत्या, कपाळभर विभूती फासली होती. मी गर्दीतून पुढं आलो आणि तुझ्यासमोर उभा राहिलो. मी उभा, तू बसलेला. अकरा वर्षांपूर्वी शेवटचा सौदा झाला त्या गुरुवारीही आपण असेच होतो, आणि तेव्हाही तू माझ्याकडं बघून काही बोलला नव्हतास. माझ्या मनात आलं ते लिहितो, लाज वाटली तरी. मनात आलं, ऊठ की रं आता तरी.

गंगाक्का भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "आलास व्हय? बेळगावास्नं निपाणीला यायला अकरा वरसं लागली तुला. चालत आलतास काय?" आसपासच्या बायका रडायच्या थांबल्या. भावात मी कुणाला हार जात नाही हे तुला ठाऊक आहे, पण तुझ्या बायकोपुढं माझी जीभ कधीच चालली नाही.

येळ्ळूर सोडून मी निपाणीला आलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. पाच भाऊ आणि भातशेतीचे चार तुकडे, त्यात पाचव्यानं काय करायचं? तंबाखूच्या वखारीत पोती वाहायला लागलो. तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, बेळगावातल्या शहापूरच्या विणकराचा मुलगा. बापाचा माग सोडून दलालीत आला होतास. का सोडलास विचारलं तर म्हणायचास, "मागावर बसलं की बोलायला कोण न्हाय. नुसता धोटा ऐकायचा." तुला बोलायला माणूस लागायचं, आणि बोलणं म्हणजे कोडं घालणं. तुझ्या कोड्यात राजा नसायचा, परी नसायची. असायची ती दोन-तीन माणसं, आणि प्रश्न एकच. याला काय ठाऊक आहे, आणि याला जे ठाऊक आहे ते त्याला ठाऊक आहे काय?

पहिलं कोडं तू मला सांगितलं नाहीस, माझ्या कपाळावर लावलंस. दुपारची वेळ होती. तंबाखू चाळून आम्ही तिघं हमाल वखारीत पोत्यांवर गाढ झोपलो होतो. मी, लगमा आणि कणकुंबीकडचा म्हादू. तू कंदिलाच्या काचेची काजळी बोटावर घेऊन तिघांच्या कपाळांना फासलीस आणि मोठ्यानं टाळी वाजवलीस. आम्ही उठून बसलो आणि एकमेकांकडं बघून हसत सुटलो. मी लगमाला आणि म्हादूला हसत होतो. ते दोघंही हसत होते, आणि मी समजत होतो की ते एकमेकांनाच हसताहेत. थोड्या वेळानं लगमा एकदम थांबला. त्यानं खांद्यावरचा पंचा ओढून कपाळ खसाखसा पुसलं. मी आणि म्हादू हसतच होतो.

"लगम्या जिंकला," तू म्हणालास.

"काय जिंकला? त्याला कुणी सांगितलं?" मी भडकलो.

"कुणी सांगाया कशाला पायजे?" लगमा म्हणाला. "माझं कपाळ सोच्छ आसतं, तर तुला म्हादूचं एकट्याचं काळं दिसलं आसतं. मग म्हादू कुणाला हसतोय, म्हणून तुझ्या डोस्क्यात आलं आसतं. मला न्हाय, म्हंजे तुलाच. तू हसायचा थांबला आसतास. तू थांबला न्हाईस. म्हंजे माझं बी काळंच."

हे मी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं तेव्हा मला कळलं. कळल्यावर मी पोत्याला लाथ मारली. लगमाला मी बैल समजत होतो. तू शेजारी बसलास आणि हळू आवाजात म्हणालास, "मारत्या, तू हुशार हाईस. पर ह्यो हिशोब जमायला समोरचा बी हुशार हाय असं धरावं लागतं. लगम्यानं तुला हुशार धरलं. तू त्याला येडा धरलंस. तिथंच हारलास." मला राग आला. तो राग मी बरीच वर्षं जपून ठेवला होता.

त्यानंतर तू मला हाताखाली घेतलंस, रुमाल धरायला शिकवलंस. जे वाचक आमच्या बाजारात आले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं तंबाखूचा भाव तोंडानं ठरत नाही. दलाल आणि व्यापारी हातावर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. माल ज्याचा, तो शेतकरी हातभर अंतरावर उकिडवा बसलेला असतो. त्याला फक्त हलणारा रुमाल दिसतो. तू एकेक बोट माझ्या बोटांत अडकवून शिकवलंस. आणि एखादा सौदा माझ्या हातून निसटायला लागला, म्हणजे समोरचा काय विचार करतोय हे मी धरलंच नाही असं तुला दिसलं, की तू लांबून स्वतःच्या कपाळावरून तळवा फिरवायचास. काजळी पुसल्यासारखा. मी सावध व्हायचो. दहा-बारा वर्षं त्या तळव्यावर माझं पोट चाललं. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. मी स्वतःच्या जोरावर वर आलो असं मी सगळ्यांना सांगतो, परवापर्यंत सांगत होतो.

आपलं भांडण मात्र रुमालावरूनच होतं, आणि ते मिटलं नाही. मी म्हणायचो, रुमाल चांगला. ज्याला कळायचं त्याला कळतं, बाकीच्यांना कशाला? तू म्हणायचास, रुमाल म्हणजे पळवाट. आणि मग तू शहापूरच्या विहिरीची गोष्ट सांगायचास. तुमच्या पेठेत एक सूत देणारा होता, त्याचा लाल रंग कच्चा होता. प्रत्येक विणकराला ते घरच्या घरी ठाऊक होतं. प्रत्येकाला शेजाऱ्यालाही ठाऊक असणार असं वाटत होतं. तरी सगळे त्याच्याकडूनच सूत घ्यायचे, कारण शेजारी गप्प असताना आपण एकटं कसं बोलायचं? एके दिवशी तुझ्या आजीनं सगळ्या बायकांच्या देखत विहिरीवर नवी साडी भिजवून पिळली. दगडावरून लाल पाणी वाहत गेलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठेनं सूत परत केलं.

"पर त्यास्नी आधीच ठाऊक हुतं की!" मी म्हणायचो. "आजीनं नवीन काय सांगितलं?"

"काय बी न्हाय. नवीन काय बी सांगितलं न्हाय," तू म्हणायचास. "आधी परतेकाला ठाऊक हुतं. त्या दिशी परतेकानं दुसऱ्याला बघताना बघितलं. आता कुणाला 'मला ठाऊक न्हवतं' म्हणाया जागाच ऱ्हायली न्हाय."

"म्हंजे तेच की."

"तेच न्हवं, मारत्या. तेच न्हवं."

किती वेळा हे झालं असेल! गंगाक्का आतून ओरडायची, "त्या साडीचं पाणी वाळलं का न्हाय अजून?"

वजनांचं मला कळलं तेव्हा मी स्वतः दलाल झालो होतो. शेटच्या वखारीतली मणाची वजनं खाली पोखरून शिसं भरलेली होती. शेतकऱ्याचा माल प्रत्येक मणामागं हलका भरायचा. मला कळलं, तुला कळलं, सगळ्यांनाच कळलं असावं. कारण वजनं मांडताना सगळे दलाल दुसरीकडं बघायचे, आणि माणूस उगाच दुसरीकडं बघत नाही. शेतकऱ्याला वाटायचं आपलंच घरी चुकलं. एक म्हातारा दर हंगामाला यायचा आणि काट्याकडं बघून कपाळाला हात लावायचा. "घरी मोजलेलं हितं येऊन वाळतंय," म्हणायचा. एकदा त्यानं बरोबर आलेल्या म्हातारीला सगळ्यांसमोर शिव्या दिल्या, मोजताना तिनंच झोपा काढल्या असतील म्हणून. म्हातारी मान खाली घालून ऐकत राहिली. त्या दिवशी मी जेवलो नाही. पण चार हंगाम मीही गप्प होतो, हे इथं लिहून ठेवतो. इतरांचं मोजतो तसं माझंही मोजलं पाहिजे.

तुझ्या पडवीत बसून आपण ठरवलं. सरकारी शिक्क्याचं खरं वजन मी आणायचं, भर बाजारात शेटच्या वजनासमोर काट्यावर ठेवायचं आणि मोठ्यानं बोलायचं. तू म्हणालास, "तुझा आवाज मोठा हाय, तू बोल. मी दुसरा उठतो आणि म्हणतो, मला बी ठाऊक हुतं. पयला उठतो त्याला लोक येडा म्हणत्यात. दुसरा उठला की ज्यो त्यो शेजाऱ्याकडं बघाया लागतो. मग तिसरा उठतो. तिसऱ्यानंतर बसून ऱ्हायचीच लाज वाटती."

मी विचारलं, "आणि तू न्हाई उठलास तर?"

तू हसलास. "मग तू येडा, दुसरं काय!"

त्या गुरुवारी मी वजन ठेवलं. शेटच्या वजनाचं पारडं खाली गेलं आणि तिथंच राहिलं. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण बाजार गप्प झाला. शेतकरी उभे राहून बघायला लागले. चाळीस दलालांच्या चाळीस माना खाली. तू तिथं, काट्यापासून दोन हातांवर, शेटच्या मुनीमासमोर बसला होतास. रुमाल टाकलेला, हात खाली, मान मुनीमाकडं वाकलेली. तू मान वर केलीस आणि सगळीकडं बघितलंस. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग माझ्याकडं बघितलंस. मी वाट बघत होतो. लगमा त्या वखारीत तोलार झाला होता, तो काट्याची दोरी धरून उभा होता. तू उठला नाहीस. रुमाल उचललास, झटकलास, घडी घालून खांद्यावर टाकलास आणि बसून राहिलास.

मग मुनीम हसला. त्याच्यामागून दोघं-तिघं हसले. "येळ्ळूरच्या उनानं डोस्कं फिरलंय," कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या आठवड्यात माझ्या रुमालाखाली हात घालायला एकही व्यापारी तयार नव्हता. पंधरा दिवस मी काट्यापाशी रिकामा रुमाल घेऊन बसलो. नंतर बायकोला आणि भांड्याकुंड्यांना घेऊन बेळगावला आलो, आणि पुन्हा पोत्यापासून सुरुवात केली.

त्याच हंगामात शेटची वजनं बदलली असं मला कळलं होतं. मी त्याचा अर्थ लावला तो असा, की मी ओरडलो म्हणून शेट घाबरला. अकरा वर्षं मी हे लोकांना ऐकवत आलो. पारडं मी खाली आणलं, आणि ईराण्णा बसून राहिला.

एकदाच आपली गाठ पडली. वडगावात साड्या बघून मी शहापूरकडं चालत येत होतो, तू तुझ्या भावाच्या दारात उभा होतास. वाळला होतास. मला बघून एक पायरी उतरलास. तोंड उघडलंस, मिटलंस, आणि कपाळावरून तळवा फिरवलास. मला वाटलं तू मला खिजवतोयस. 'मारत्या, तू अजून येडाच,' असं म्हणतोयस. मी रस्त्यावर थुंकलो आणि पलीकडून गेलो.

ते थुंकणं मला आता परत घेता येत नाही.

तुला माती दिल्यावर लोक पांगले. लगमा माझ्या मागोमाग आला. त्याचे केस पिकलेत, दम लागतो. आम्ही कुंपणाच्या दगडांवर बसलो. तो म्हणाला, "ईराण्णानं मला शपथ घातलती. त्यो हाय तवर बोलायचं न्हाय. आता त्यो न्हाय."

"काय बोलायचं न्हाय?"

"त्या दिशी तू ओरडलास तवा मी काट्यापाशी हुतो. ईराण्णानं रुमालाखाली मुनीमाचं मनगट धरलं. गच्च. मुनीमाचं तोंड बघाया पायजे हुतंस. ईराण्णा त्याच्या कानाशी म्हणला, 'वजनं बदलतोस, का उठू?'"

मी त्याच्याकडं तोंड करून बसलो.

"मुनीम म्हणला, बदलतो, पर तू बसून ऱ्हायचं, आणि कुणाला कदी बोलायचं न्हाय. ईराण्णा म्हणला, 'आणि मारत्याला हात लावायचा न्हाय.' मुनीम म्हणला, 'दोन्ही न्हाय मिळायचं. वजनं घे, न्हायतर मारत्या घे.'" लगमा थांबला. "तवा त्यानं मान वर केली. समद्यांकडं बघितलं. चाळीस जणांत एक तोंड वर न्हवतं, मारत्या. मग तुझ्याकडं बघितलं. मग म्हणला, 'वजनं.'"

पुढचंही लगमानंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू वखारीत गेलास. शिसं भरलेली सगळी वजनं एकेक करून लगमाकडून मागच्या विहिरीत टाकवलीस. दर हंगामाच्या पहिल्या गुरुवारी तू तंबाखू बघायच्या निमित्तानं यायचास आणि वजनं हातात घेऊन उलटी करून बघायचास. अकरा वर्षं. तो म्हातारा नंतर पाच-सहा हंगाम आला, असं लगमा म्हणाला. एकदा हसत म्हणाला, आता म्हातारीची झोप उडाली वाटतं.

मी उठून परत तुझ्या घरी गेलो. गंगाक्काला विचारलं, "मला सांगितलं का न्हाय? मुनीमाची शपथ ऱ्हाऊ दे, मला एकट्याला सांगाया काय झालं हुतं त्याला?"

ती म्हणाली, "मी बी तेच इचारायची. म्हणायचा, सांगाया कशाला पायजे? मी बसलो आणि वजनं बदलली, दोन्ही त्याला दिसतंय. मी पैशासाठी बसणारा न्हाय, ह्ये बी त्याला ठाऊक हाय. मारत्या हुशार हाय, तिन्ही जोडंल. उशिरा जोडंल, पर जोडंल." मग डोळे पुसत म्हणाली, "मी म्हणायची, त्यो हुशार न्हाय, तापट हाय. तू उगाच वाट बघतोस."

ईराण्णा, इथं मी पुन्हा हरलो. त्याच जागी. तू मला हुशार धरलंस. मी तुला काय धरलं? मी धरलं की तू विकला गेलास. वजनं बदललेली मला दिसत होती, तू बसलेला मला दिसला होता, तुझा स्वभाव मला गंगाक्काइतकाच ठाऊक होता. एवढंच धरायचं होतं, की ईराण्णा शहाणा आहे, त्यानं बसायला काहीतरी घेतलं असणार, आणि घेतलं ते स्वतःसाठी नसणार. मी अकरा वर्षं दुसऱ्याच्या कपाळाकडं बघत राहिलो. तू वडगावच्या रस्त्यावर तळवा फिरवून दाखवलास, त्यावर मी थुंकलो.

सौदा म्हणून बघितलं तर असा सौदा मी आयुष्यात केला नाही. नुसतं बसून राहायचं, आणि त्याच्या बदल्यात अख्ख्या मुलखाचं माप सरळ करून घ्यायचं. तुझे पाय धरावेसे वाटतात. आणि त्याच वेळी तुझी गचांडी धरावीशी वाटते. कारण त्या सौद्यात तू मला विकलंस! आणि तेही रुमालाखाली! आयुष्यभर मला विहिरीवरची साडी सांगत होतास, चारचौघांत बोलल्याशिवाय काही खरं नाही म्हणत होतास. मी ते अखेर ऐकलं, चारचौघांत बोललो. आणि त्याच क्षणी तू माझं जुनं म्हणणं उचलून रुमालाखाली शिरलास. आपण दोघांनी जागा बदलल्या, आणि मला ते कळलंसुद्धा नाही. मुनीम 'दोन्ही नाही' म्हणाला आणि तू ऐकलंस? मला एक पळभर खाली बसू दिलं असतंस, माझा हात त्याच्या दुसऱ्या मनगटावर ठेवू दिला असतास, तर मी दोन्ही मिळवली असती. भाव तोडण्यात तू कधीच माझी बरोबरी केली नाहीस.

हे भांडण आता तुझ्याशी करता येत नाही. पण त्यातली एक गाठ तुझ्याही हातात नव्हती, आणि तीच मला गेला आठवडाभर सोडत नाही. तू बसलास, कारण तू चाळीस माना बघितल्यास आणि ठरवलंस की तिसरा उठणार नाही. दोघं उठून दोघंही बुडतील, आणि वजनं तशीच राहतील. तू बरोबर ओळखलं असशील, तर तू मला फसवलं नाहीस. तू मला गमावलंस, आणि ते जाणून गमावलंस. तुझी ओळख चुकली असेल, चाळिसांतला एक जरी नुसता तुझ्या उठण्याची वाट बघत असेल, तर तू मला उगाच विकलंस, आणि आपली अकरा वर्षं उगाच गेली. कुठलं खरं, हे तुला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नाही. लगमाला नाही, गंगाक्कालाही नाही. ते ज्यांना ठाऊक आहे ते अजून जिवंत आहेत.

तर आता त्यांच्याशी बोलतो. त्या गुरुवारी निपाणीच्या बाजारात मान खाली घालून बसलेल्या दलालांनो, तुमच्यातले नऊ-दहा गेले, बाकीचे अजून रुमाल धरता. हे साप्ताहिक शनिवारच्या मोटारीनं निपाणीला येतं आणि तुम्ही सगळे ते वाचता. शेजारच्यानं वाचलंय हेही तुम्हाला ठाऊक असेल, आणि तुम्ही वाचलंय हे त्याला. रविवारी बाजाराच्या आवारात ईराण्णाची शोकसभा आहे. मी येणार आहे, येताना शिक्क्याचं तेच वजन घेऊन येणार आहे, आणि ते तुमच्यासमोर मांडून एकच प्रश्न विचारणार आहे.

त्या दिवशी ईराण्णा उठला असता, तर तुमच्यातला कोण उठला असता?

कानाशी येऊन सांगू नका, चिठ्ठी पाठवू नका. जो उठला असता, त्यानं रविवारी उठून उभं राहावं. आणि कुणीच उठणार नसेल, तर तेही मला त्याच्या फोटोसमोर, मान वर करून सांगा.